भिंतीपलीकडचं बटण

ऑफिसात आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. कुणाच्या घरातले कॅमेरे, दिवे, कुलपं वायफायवरून सुटायला लागली की दुरुस्तीला मास्तर जायचे, आणि काम झाल्यावर घरच्यांना समोर बसवून समजावूनही सांगायचे. "राउटर फ्रीजमागे कोंबलात. तोंडावर उशी दाबून कुणाचा आवाज ऐकू येतो का?" लोक हसायचे आणि राउटर हलवायचे.

त्या एका घरून मात्र तीन आठवड्यांत तीनदा तक्रार आली. वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं होतं आणि मधोमध विटांची जाड भिंत घातली होती. आई धाकट्याकडे असायची. तिच्या गळ्यात मदतीचं बटण होतं. दाबलं की पलंगाजवळचा छोटा डबा वायफायवरून दोन्ही मुलांचे फोन वाजवायचा. बटण मोठ्यानं आणलेलं, राउटरही त्याच्याच हॉलमध्ये. मध्ये ती भिंत, आणि भिंतीला टेकून त्याचं लोखंडी कपाट. बटणाचा संपर्क दिवसातून चारदा तुटायचा.

पहिल्या खेपेला मास्तरांनी राउटरचा चॅनल बदलला. दुसऱ्या खेपेला बटणाचा डबाच नवा दिला. दोन दिवस चाललं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोठ्याला सांगितलं, "भिंतीला बोटभर भोक पाडू, वायर पलीकडे नेऊ आणि तिकडे दुसरा राउटर लावू. कायमचं काम होईल."

"भिंतीला हात लावायचा नाही," मोठा म्हणाला.

धाकट्याकडे गेले, तर तो म्हणाला, "त्याच्याकडून वायर? मेलो तरी नको."

पलंगावरून आई म्हणाली, "जाऊ दे रे बाबा. माझ्यापायी पुन्हा तोंडं सुरू व्हायला नकोत."

मास्तरांनी डबा खिडकीत सरकवून पाहिला. हिरवा दिवा लागला. त्यांनी कागदावर 'काम पूर्ण' अशी खूण केली, धाकट्याची सही घेतली आणि निघाले. पुढे दोन घरं वाट पाहत होती.

सहाव्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरात घसरली. धाकटा आणि त्याची बायको कामावर गेलेली. दुपारी सून परत आली तेव्हा म्हातारी ओल्या फरशीवर पडलेली होती, बटण मुठीत घट्ट धरलेलं. कुणाचाच फोन वाजला नव्हता. आठ दिवस दवाखान्यात काढून ती गेली.

सामान परत आणायला मास्तर गेले तेव्हा मी बरोबर होतो. मोठा एकटाच होता. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"मी त्या दिवशी घरातच होतो," तो म्हणाला. "भिंतीवर ठकठक ऐकू येत होती. बराच वेळ. मला वाटलं, धाकटा मुद्दाम काहीतरी ठोकत बसलाय, मला डिवचायला. मी टीव्हीचा आवाज वाढवला."

मास्तर राउटरची वायर गुंडाळत होते, ते थांबले.

"नंतर समजलं, आई न्हाणीघरातल्या मगानं ठोकत होती." तो मास्तरांकडे वळला. "तुम्ही भोक पाडा म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो," मास्तर म्हणाले. "एकदाच."

ऑफिसात आल्यावर ते थेट साहेबांपुढे उभे राहिले. त्या तक्रारीसमोरचं 'काम पूर्ण' खोडायचं म्हणाले. साहेबांनी समजूत काढली, "मास्तर, बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत नाही. आणि तुमच्याकडे कुणी बोटही दाखवलेलं नाही."

त्यानंतर मास्तर कुठंच 'काम पूर्ण' लिहीनात. 'आज चालू आहे, उद्याचं सांगता येत नाही' असं लिहून गिऱ्हाइकापुढे सहीला धरायचे. विनोद बंद, समजावणं बंद. लोक चिडले, फोन आले. चार महिन्यांत साहेबांनी त्यांना गोदामात पाठवलं, परत आलेले डबे तपासायला.

मी अधूनमधून जेवायला तिकडे जातो. एकदा न राहवून म्हणालो, "तुमची काय चूक होती? तुम्ही तर सांगितलं होतं."

"हो ना," मास्तर म्हणाले. "सांगून मोकळा झालो."

आणि जेवणाचा डबा तसाच झाकून ते हात धुवायला गेले.