दोन वर्षांची मुदत

शनिवारी सकाळी लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात मुलीने शाळेचा हिस्टरी प्रोजेक्ट माझ्यापुढे टाकला. विषय होता अमेरिकेतल्या चेरोकी लोकांचा जमिनीचा करार. पोरगी इथेच जन्मलेली. मराठी बोलते ते आमच्यावर उपकार केल्यासारखं.

"बाबा, हा ट्रीटी थोड्याच लोकांनी साइन केला. त्यांचा चीफ नाही म्हणाला, हजारो लोकांनी पिटिशन दिला. तरी गव्हर्नमेंट म्हणाला, चालेल."

अटी सरळ होत्या. पूर्वेकडची सगळी जमीन सोडायची, बदल्यात पैसे आणि लांब पश्चिमेला दुसरी जमीन, दोन वर्षांत निघायचं. बहुतेक जण हलले नाहीत. मग सैनिकांनी त्यांना घरांतून हुसकून बाहेर काढलं. त्यात हजारो मेले.

दोन वर्षं हे शब्द मी पुन्हा वाचले.

कोकणात आमची काजूची बाग आहे. आत्या तिथे राहते. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून बाग तिनेच राखली. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव नाही. बहिणीने भावाला हक्कसोड करून द्यायची, तशी तिने माझ्या वडिलांना हसत करून दिली होती. वडील गेल्यावर नावं लागली आम्हा दोन भावांची. दादाने बाग रिसॉर्टवाल्याला द्यायचं ठरवलं आणि मी लंडनहून सही करून मुखत्यारपत्र पाठवलं. आत्याला तालुक्याच्या गावी दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दोन वर्षांत जागा रिकामी. तिला विचारावं हे मला सुचलंही नाही. ती घरचीच, तिला काय विचारायचं! एवढा मी शहाणा.

मुदत सोमवारी संपत होती. आत्या हलायला तयार नाही हे कळल्यापासून, आठवडाभर मी व्यवहार थांबवा म्हणून फोनवरून दादाच्या, वकिलाच्या हातापाया पडत होतो. "रजिस्टर झालंय," एवढंच उत्तर मिळायचं.

"सही करणाऱ्यांचं पुढे काय झालं गं?" मी विचारलं.

"काही लोकांना त्यांच्याच लोकांनी मारलं."

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"अरे, सोमवारी जेसीबी आणतो म्हणतोय तुझा दादा. मी काही हलायची नाही. तू तिकडून एक कागद पाठव बाबा, 'ह्या व्यवहारावर माझी सही नाही' असं तुझ्या हातचं लिहून. मग कोण हात लावतोय बघू! तू तर सही केली नसशीलच."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"अरे, आहेस ना?"

"आहे," मी म्हणालो. "पाठवतो, आत्या."