गिटारवरचं कुंकवाचं बोट

माझ्या घरात येऊन, माझ्याच खाटेवर बसून, माझ्या हातचा चहा पिता पिता तो माणूस मला म्हणाला, "काका, हा डाग तेवढा काढून टाकू. मग बघा कशी दिसते."

माझं डोकं फिरलं. कप त्याच्या हातातून काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात. म्हटलं, "ऊठ."

मुलगी मध्ये पडली. तिच्याच ऑफिसातला माणूस तो, तिनंच आणलेला. चाळिशीचा असेल, टक्कल पडलंय, पण जुन्या रेकॉर्डी बघितल्या की पाघळतो. वाईट माणूस नाही. हे मी आता लिहितोय, राग थोडा उतरल्यावर. सगळा उतरलेला नाही.

मी सातवी नापास. कोकणातून आलो आणि परळच्या गिरणीत साच्यावर उभा राहिलो. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका खात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे, बाजूच्याशी बोलायचं तर ओठ वाचायला लागायचे. माझा उजवा कान तिथंच गेला, डावा अर्धा. असा माणूस गाणं काय ऐकणार? पण साचेवाल्याला एक गोष्ट कळते. आवाज कुठं तुटतो ती. शेकडो साच्यांत आपला साचा जरा चुकला, तर डोळे जायच्या आधी हात दांड्यावर गेलेला असतो.

आमच्याकडं साचे दुरुस्त करायला एक किरिस्ताव मेस्त्री होता, गिरगावचा. दिवसा हातात पाना, संध्याकाळी गिटार. हॉटेलांत बँडमध्ये वाजवायचा. एका रविवारी त्यानं मला घरी नेलं आणि हॉलंडच्या कुणा गिटारवाल्याची रेकॉर्ड लावली. जाझ. त्या माणसाचं नाव माझ्या जिभेवर तेव्हाही बसलं नाही. मी त्याला हॉलंडवालाच म्हणत आलो.

मेस्त्री म्हणाला, "ह्याला तिकडं पण कोण ओळखत नाय रे. तीन रेकॉर्डी काढल्या नि संपला."

मी डावा कान स्पीकरला चिकटवला तर म्हणतो, "अरे, डोकं आत घालू नको. साचा नाय तो. बाहेर पण ऐकू येतं."

हॉलंडवाला घाई करत नव्हता. मागचे सगळे सुसाट सुटलेले, आणि हा मध्येच थांबायचा. धागा तुटल्यावर साचा थांबतो तसा. वाटायचं, गेलं आता कापड. आणि तुटल्या जागीच गाठ मारून हा पुढं. गाठ दिसायची नाही. तसली गाठ मारणारे आमच्या खात्यात दोघं-तिघंच होते. मला वाटलं, हा आपल्यातला माणूस आहे. आणि असल्या माणसाला तिकडं कोणी विचारलं नाही, याचा मला तेव्हापासून राग आहे. इकडं आम्हाला तरी कोणी विचारलं म्हणा.

मेस्त्रीची गिटार पण तिकडचीच, दुसऱ्या लढाईच्या आधीची, बोटीवरच्या कुणा वाजवणाऱ्याकडून घेतलेली. पोट फुगीर, दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारख्या फटी, रंग जुन्या गुळाचा. रेकॉर्डच्या कव्हरवर हॉलंडवाला बसलाय, त्याच्या मांडीवर डिट्टो तसलीच. मेस्त्रीचं म्हणणं, एकाच कारखान्यातल्या. असतील, नसतील. कव्हरवरच्या गिटारचं पॉलिश एका जागी उडालंय, उजवा हात टेकून टेकून. आतलं लाकूड उघडं पडलंय. मेस्त्रीच्या गिटारवर पण तशीच जागा होती. मला ती जागा लय आवडायची. आमच्या साच्याचा दांडा पण हात लागून लागून असाच झिजायचा.

मग संप लागला. त्याचं काय झालं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी गिरणीच्या जागेवरचे टॉवर मान वर करून बघावेत. पुढारी बोलत राहिले, मालक गप्प राहिले, मेलो आम्ही. मेस्त्री शहाणा, आखातात गेला. जाताना गिटार, प्लेअर आणि तिन्ही रेकॉर्डी माझ्या लालबागच्या खोलीत ठेवून गेला. "येतो न्यायला. तोवर हिला दमट लागू देऊ नको." दोन पत्रं आली, मग तीही बंद. पुढं मी गिरगावात जाऊन आलो, तर त्याच्या घरात दुसरेच लोक.

मेस्त्री गेला त्याच साली, संप चालू असतानाच, दसरा आला.

गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा असायची. त्या दिवशी बायकापोरांना खात्यात सोडायचे. माझी बायको दरसाल यायची आणि माझ्या साच्याला स्वतःच्या हातानं कुंकू लावायची. पाण्यात कालवून, करंगळीशेजारच्या बोटानं. लावताना बोट खाली जरासं ओढायची, तिची सवय. त्या साली गेटला कुलूप. मी सकाळी जाऊन गेटसमोर नुसता उभा राहिलो आणि परत आलो. घरात बघतो तर पाटावर गिटार. झेंडूची माळ, अक्षता, आणि पॉलिश उडालेल्या त्याच जागेवर ओलं कुंकू.

मी ओरडलो, "अक्कल आहे का तुला? दुसऱ्याची वस्तू ही!"

ती मालवणकडची. म्हणाली, "तुमचा हत्यार थंय गिरणीत कुलपाआड. मगे पाटार काय ठेवू, माझा कपाळ?"

मी ओला फडका घेतला आणि घासलं. तिथंच मी चुकलो. पाणी आणखी लागलं, लाल रंग उघड्या लाकडात उतरला तो उतरलाच. मध्ये तिचं बोट तसंच राहिलं, खाली ओढलेलं, आणि भोवती माझ्या फडक्याचा लाल फरकाटा. मग मी आणखी ओरडलो. फडका माझा आणि शिव्या तिला. चाळीतले लोक दारं उघडून ऐकत होते. तिनं माळ काढली, पाट उचलला आणि चुलीकडं तोंड करून बसली.

त्यानंतर गिटारच्या पेटीला तिनं आयुष्यात हात लावला नाही. केर काढताना झाडू पेटीच्या भोवतीनं फिरवायची. पेटीखालचा केर मी काढायचो. एकदा मी म्हणालो असतो, "लाव गं हात, काय होत नाय," तर काय जीभ झडली असती? म्हणालो नाही. गेल्या साली ती गेली.

तर तो माणूस. पेटी उघडल्यावर आधी त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानं दाखवलं, मान वाकलीय, पोटाला चीर गेलीय. म्हणाला, "काका, आता दुरुस्त नाही केली तर तारांच्या ताणानं फुटेल." ते मलाही दिसत होतं. मेस्त्रीची अमानत माझ्या घरात फुटायला नको, म्हणून तर बोलावला त्याला. पण मग त्यानं हॉलंडवाल्याचं कव्हर हातात घेतलं.

"ही झीज बघताय? ही कव्हरवरची गिटार आज कुणाला मिळाली ना, तर या जागेला कुणी पॉलिश लावणार नाही. हा त्याचा हात आहे. ही हिस्टरी आहे."

मी म्हटलं, "बरोबर बोललास."

आणि त्याच तोंडानं पुढं तो डागाचं वाक्य बोलला.

कप हातात घेऊन मी उभा. "हॉलंडवाल्याचा हात ती हिस्टरी आणि माझ्या बायकोचं बोट तो डाग? ती काय कमी राबली? तिच्या हाताला पॉलिश उरलं होतं काय?"

"काका, मला माहीत नव्हतं..."

"माहीत नाही तर विचारायचं! डाग म्हणे! ऊठ आधी."

मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे. आईवर ओरडलात तसं त्यांच्यावर ओरडू नका."

"तिच्यावर कधी ओरडलो मी?"

"कधी? दर रविवारी. भात कच्चा म्हणून."

हे खरं. संपानंतर मी दादरला एका सोसायटीत वॉचमन लागलो. रविवारी सुट्टी, रविवारी हॉलंडवाला. आणि रविवारी हमखास भात कच्चा. दर रविवारी मी ताटावर बोंबलायचो, की एवढी वर्षं झाली, हिला साधा भात येत नाही.

मुलगी म्हणाली, "तुम्ही रेकॉर्ड लावली की आई स्टो बंद करायची. स्टो फरफरला की तुम्हाला ऐकू यायचं नाही म्हणून. रेकॉर्ड संपली की पुन्हा पेटवायची. भात कसा शिजेल? मला म्हणायची, त्येंका सांगू नको, उगाच रेकॉर्ड लावूची बंद करतीत."

मी खाली बसलो. मुलीचा राग आला, इतकी वर्षं बोलली नाही म्हणून. बायकोचा आला. सगळ्यात जास्त कुणाचा आला ते लिहायला नको.

तो माणूस उठून दारात जाऊन उभा होता, तिथून आत आला. त्यानं माझ्या हातातला कप घेतला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. मग म्हणाला, "मान सरळ करू, चीर चिकटवू. पॉलिश कुठंच नको. चालेल?"

मी म्हटलं, "त्या बोटाला हात लागला तर गिटार तुझ्याच डोक्यात घालीन."

"आणि भोवतीचं पसरलेलं? ते तरी?"

"ते माझ्या फडक्याचं आहे. तेही राहू दे. मला दिसलं पाहिजे ते."

त्याच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मी रोज जाऊन बसलो. स्टुलावर, त्याच्या हातासमोर. तो वैतागला. वैतागू दे.

गेल्या रविवारी गिटार घरी आली. त्या माणसानं तारा जुळवल्या आणि हॉलंडवाल्याचंच सुरू केलं. बरं वाजवतो, पण थांबायच्या जागी थांबेना.

"थांब तिथं!" मी ओरडलो. "पळतोस कुठं? धागा तुटलाय. अजून थांब. हां, आता."

मागं गॅसवर भात रटरटत होता, मीच लावलेला. गॅसला स्टोसारखा आवाज नसतो, मला तर बिलकुल ऐकू येत नाही. तरी मी उठलो, गॅस बंद केला आणि परत येऊन बसलो.

तो माणूस गेल्यावर ताट वाढून घेतलं, भात कच्चा राहिलेला. ओरडायला समोर कोणी नव्हतं.