दिरांची उंच पिकअप

माझे मोठे दीर माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणत, "तिला सांग, गाडी धुऊन ठेव म्हणावं." मग नवरा माझ्याकडे वळून म्हणे, "गाडी धुऊन ठेव." यात काही विचित्र आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

गाडी म्हणजे आमची दुधाची पिकअप. निमगाव सावाच्या आजूबाजूच्या वस्त्यांवरून कॅन गोळा करून मी रोज सकाळी ती दूध केंद्रावर न्यायची. चालवायला मी माहेरी शिकले होते, खोडदला, वडिलांच्या ट्रॅक्टरवर, रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्याला. नवऱ्याने एकदा गाडी शेताच्या बांधावर चढवली होती, तेव्हापासून तो स्टेअरिंगला हात लावत नसे. दिरांना चालवता येत होती, पण बघणारं कुणी असलं तरच ते चालवत. बाजाराच्या दिवशी वेशीपासून चावडीपर्यंत गाडी त्यांच्या हातात असायची. सकाळच्या दुधाच्या वेळी ते घोरत असायचे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं होती. तालुक्यात ज्याला त्याला पुढारी व्हायचं होतं, आणि पुढारी म्हटला की त्याला उंच गाडी हवी. आमच्या दिरांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी दुधाचीच गाडी उंच करायचं ठरवलं. जुन्नरला पाटेवाल्याकडे नेऊन मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले, पुढची बाजू उचलायला टॉर्शन बार आवळून घेतले, मोठे टायर बसवले. संध्याकाळी गाडी अंगणात आली तेव्हा माझ्या सासूबाई शेळीला चारा टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "ही कुणाची?"

दीर म्हणाले, "आपलीच. आता कशी दिसतीया?"

"चढायचं कसं हिच्यात?" सासूबाईंनी विचारलं. दीर नव्या टायरांवर हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॅन चढवताना मला कळलं, की गाडीचा हौदा आता माझ्या छातीला लागतोय. भरलेला कॅन आधी मांडीपर्यंत उचलला की आत सरकायचा. आता प्रत्येक वस्तीवर दोन गडी हाताशी लागत. चालवताना तर निराळाच खेळ होता. गाडी डावीकडे ओढायची. सरळ जायचं तर स्टेअरिंग उजवीकडे पिळून धरावं लागे. केंद्रावर पोचेपर्यंत माझा खांदा भरून यायचा. थोड्याच दिवसांत पुढच्या नव्या टायरांची बाहेरची कड वस्तऱ्याने तासल्यासारखी गुळगुळीत झाली.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने दिरांना सांगितलं. दीर जेवत होते. मी भाकरी वाढत होते.

"तिला सांग," ते म्हणाले, "नवीन काम हाय, बसायला येळ लागतो. अन् हात हलका ठेव म्हणावं. बायामाणसं स्टेरिंग लई घट्ट धरत्यात."

"हात हलका ठेव," नवरा म्हणाला.

मी दिरांच्या ताटात भाकरी टाकली आणि आत गेले. त्या माणसाला उलट उत्तर द्यायचीही मला इच्छा झाली नाही. उत्तर द्यायचं तर समोरच्याला थोडं तरी मोजावं लागतं.

एक टायर तारेपर्यंत झिजून रस्त्यातच बसला तेव्हा कुठे दीर मंचरला अलाइनमेंट करायला तयार झाले. तिथे नवं कॉम्प्युटरचं मशीन आलं होतं, आणि कॉम्प्युटर म्हटल्यावर त्यांना ते काम आपल्या तोलाचं वाटू लागलं. आम्ही तिघं निघालो. नारायणगाव, कळंब, सगळा रस्ता मी चालवला. दीर खिडकीला हात टेकून बसले होते. मंचर दिसायला लागलं तसं ते नवऱ्याला म्हणाले, "गाडी बाजूला घ्यायला सांग." मी उतरले, ते स्टेअरिंगवर बसले. मी पलीकडून चढून खिडकीशी बसले. दुकानासमोर गाडी उभी करताना त्यांनी उगीच दोनदा हॉर्न वाजवला.

दुकानदार चाळिशीचा, बोलका माणूस होता. त्याच्या लोकांनी चाकांना पकडी लावल्या, आणि पडद्यावर गाडीचं चित्र आलं. बहुतेक आकडे लाल होते. त्याने गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही रोज कोण चालवतं?"

मी तोंड उघडणार तोच दीर म्हणाले, "ड्रायव्हर हाय आमच्याकडं."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. नवरा टायरांच्या ढिगाकडे पाहू लागला. त्या ढिगात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"मग ड्रायव्हरचे हात दुखत असतील," दुकानदार म्हणाला. "चाकं बघा, वरून बाहेर फाकलीत. गाडी उंच केली ना तुम्ही, त्याने हे झालंय. डावीकडची ओढ मी काढून देतो, स्टेअरिंग सरळ करून देतो. पण हा फाकलेपणा जायचा नाही. तो कमी करायचे बोल्ट शेवटापर्यंत गेलेत. गाडी खाली घ्या, मग सगळं हिरवं करून देतो."

"खाली न्हाई घ्यायची."

"मग टायर खाणार."

"खाऊ द्या. तुमचंच दुकान चालंल," दीर म्हणाले आणि स्वतःच हसले.

दुकानदार हसला नाही, त्याने खांदे उडवले आणि जेवढं होण्यासारखं होतं तेवढं केलं. दीर बाजारपेठेतून गाडी फिरवून आले आणि लोण्यासारखी चालते म्हणाले. मंचर मागे पडल्यावर स्टेअरिंग पुन्हा माझ्याकडे आलं. ओढ गेली होती, हे खरं. पण वळणावर गाडी अशी कलायची की रिकामे कॅन एका बाजूला जाऊन आदळायचे. कळंबच्या पुढे दीर झोपले. गावात मात्र ते सांगत सुटले: गाडी कॉम्प्युटरने पास केली.

निवडणुकीच्या प्रचाराला तालुक्याचे एक वजनदार पुढारी येणार होते. या गाडीच्या हौद्यात उभं राहून त्यांनी गावातून फिरायचं, असं दिरांनी ठरवलं होतं. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. पुढारी आले, चांगले जाडजूड, आणि गुडघ्यांनी अधू. हौद्याकडे पाहून ते थांबले. दिरांनी माझा दुधाचा एक कॅन उपडा करून त्यांच्या पायाशी ठेवला. पुढाऱ्यांनी त्यावर एक पाय ठेवला, कॅन डुगडुगला, त्यांनी पाय काढून घेतला.

"राहू द्या राव," ते म्हणाले. "मी आपला चालतच येतो."

चालत ते मारुतीच्या देवळापर्यंत गेले. तिथे समोरच्या पॅनलमधल्या एकाने आपल्या बुटक्या मोटारीचं दार उघडून धरलं, आणि पुढारी निमूट आत बसले. मागे आमची पिकअप, स्टेअरिंगवर त्या दिवसापुरता आणलेला एक पोरगा, हौद्यात एकटे दीर, हात जोडलेले. मी देवळाच्या पायरीवरून पाहत होते. मला हसू आलं नाही. एवढ्यासाठी माझा खांदा गेला, एवढंच मनात आलं.

निवडणुकीत दीर पडले. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली नवऱ्याच्या उशाशी ठेवली. "तुमच्या भावाला सांगा, आजपासून दूध त्यांनी न्यावं. ड्रायव्हरने काम सोडलंय."

नवरा उठून बसला. तो भावाच्या दाराशी गेला, परत आला, पुन्हा गेला. दार उघडलं नाही. ऊन चढायला लागलं तशी वस्त्यांवरची माणसं आमच्या अंगणात येऊन उभी राहिली, कुणी सायकलवर कॅन बांधून, कुणी नुसतंच शिव्या द्यायला. शेवटी दीर बाहेर आले. एवढ्या माणसांसमोर त्यांनी एक भरलेला कॅन उचलला, कमरेपर्यंत आणला, आणि तिथेच अडकले. वर जाईना, खाली ठेवायची लाज. नवऱ्याने धावत जाऊन कॅन धरला. आणि कॅन धरल्याधरल्या तो म्हणाला, "दादा, गाडी खाली घ्या."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं भावाविरुद्धचं पहिलं वाक्य ते. फार मोठं नव्हतं, पण त्याच्या मानाने बरंच होतं.

त्या दिवशीचं दूध मी नेलं, लोकांसाठी. मग तशीच गाडी जुन्नरला नेली. पाटेवाल्याने जादा पाटे काढले, बार सैल केले. तिथून नारायणगाव करून मंचर. दुकानदाराने मला एकटीला उतरताना पाहिलं आणि म्हणाला, "ड्रायव्हर तुम्हीच होय." पडद्यावर आकडे एकेक करून हिरवे झाले. येताना कळंबच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर मी स्टेअरिंगवरचे हात क्षणभर उचलून पाहिले. गाडी आपली सरळ चालली होती. मला रडू येईल असं वाटलं, पण मागून ट्रक हॉर्न देत होता.

पुढे पुतणीच्या लग्नात दीर पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या घरात बायामाणसं गाडी चालवत्यात. त्यांना सोपं पडावं म्हणून मीच गाडी खाली घ्यायला लावली." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी वाढत होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन या भीतीने. मी दिरांच्या पानात जिलबी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले.