त्याचा पुढचा पाय

तो आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता आणि उभा राहिला की माझ्या कमरेला लागायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या लष्करी भागात साहेब लोकांचे कपडे शिवत. त्यांचं जुनं गिऱ्हाईक असलेली एक अँग्लो-इंडियन बाई कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली आणि जाताना आपला ग्रेट डेन कुत्रा अण्णांच्या हाती देऊन गेली. आमचं घर दोन खोल्यांचं. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "हा स्वयंपाकघरात आला तर मी बाहेर!" तो कधी आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर बसायचा आणि लांबलचक मान तेवढी आत टेकवायचा.

दोन वर्षांनी अण्णांची नजर अधू झाली, दुकान बंद पडलं, आणि मी रेडिओचे भाग जोडणाऱ्या कारखान्यात लागले. आमच्या गल्लीतली कामावर जाणारी मी पहिलीच मुलगी. लोक बोलायचे. पण पहाटे बसस्टॉपपर्यंत तो सोबत असायचा, त्यामुळे तोंडावर कुणी काही बोललं नाही.

एका पावसाळ्यात तो लंगडायला लागला. काटा असेल म्हणून आम्ही हळद-तेल लावलं. महिन्याभरात डाव्या पुढच्या पायावर, पंजाच्या जरा वर, लिंबाएवढी गाठ आली. हात लावला की तो माझं मनगट तोंडात धरायचा. चावायचा नाही, नुसतं धरायचा.

जनावरांचं इस्पितळ गावाबाहेर होतं. जटकावाला म्हणाला, "अक्का, एवढं धूड पाहून माझा घोडा बिचकेल." शेवटी अण्णांनी कुत्र्यावर घोंगडी पांघरली आणि वाटभर त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं.

डॉक्टर वयस्क होते, कन्नडमध्ये तुटक बोलत. एक्स-रे खिडकीशी धरून म्हणाले, "हाडाचा कॅन्सर. पाय खांद्यापासून काढावा लागेल."

"मग बरा होईल?" मी विचारलं.

"वेदना थांबतील. रोग बहुधा छातीत जाईलच. सहा महिने मिळाले, तर मिळाले." मग एक्स-रे खाली ठेवून, "एवढं मोठं जनावर, भूलही तशीच जास्त लागते. औषधं बाहेरून आणावी लागतील. घरी बोलून घ्या."

त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या तीन पगारांहून जास्त होता. तेवढे पैसे माझ्याकडे होते. कारखान्याची सोसायटी घर बांधायला साइट, म्हणजे जमिनीचा तुकडा, देणार होती आणि पहिल्या हप्त्यासाठी मी ते दीड वर्ष साठवले होते. घरी येऊन मी म्हटलं, "नाही जमायचं. सहा महिन्यांसाठी कोण एवढा खर्च करतं?" अण्णा गप्प राहिले. माझ्या कमाईवर आपण बोलू नये, असं त्यांना वाटत असावं. त्यांच्या त्या गप्प राहण्याचीच मला जास्त लाज वाटली.

आई भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "साइटचे पैसे आहेत ना?"

"आई, तू म्हणतेस हे?"

"मी त्याला आत घेत नाही, म्हणजे तो माझा कुणी नाही असं समजू नकोस."

पाय काढला. आणायला गेलो तेव्हा तो ओल्या फरशीवर पडला होता, अर्धं अंग भादरलेलं, खांद्याच्या जागी टाक्यांची लांब रेघ. मला पाहून उठायला गेला, नसलेल्या पायावर भार दिला आणि तोंडावर आपटला. अण्णा भिंतीकडे वळून उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी तंबूच्या कापडाचा रुंद पट्टा शिवला, छातीखालून घ्यायचा, वर धरायला दोन कड्या. सुई ओवायला आई. टाके वाकडे पडले होते, तो माणूस एके काळी कर्नलांचे कोट शिवत असे. त्या पट्ट्यानं त्याला उचलून धरत ते रोज गल्लीच्या टोकापर्यंत नेत. तीन आठवड्यांत पट्ट्याची गरज उरली नाही. उड्या मारल्यासारखा चालायचा, पण चालायचा. तुळशीजवळच्या उन्हात पाठीवर लोळायचा. असे पाच महिने गेले. ते दिवस चांगले होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग खोकला आला. डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढली नाही. "माणसांना देतात ती इंजेक्शनं मुंबईहून मागवता येतील," ते म्हणाले. "महाग आहेत. कुत्र्याला किती उपयोगी पडतील, मला खरंच माहीत नाही." या वेळी माझ्याकडे काही नव्हतं. कर्ज काढलं असतं तर मिळालं असतं. मी काढलं नाही. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही, घरात कुणी शब्द काढला नाही. तरी आजही मनातल्या मनात मी डॉक्टरांच्या त्या खोलीतून कधी हो, कधी नाही म्हणून बाहेर पडते.

त्याला श्वास पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी घरी येऊन शेवटचं, कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मला रजा नव्हती, म्हणून रविवार ठरवला. एखाद्याच्या मरणाचा वार आपल्या सुट्टीप्रमाणे ठरवायचा! डॉक्टर आले तेव्हा आईनं स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि म्हणाली, "आत आणा त्याला." चुलीजवळ ऊब होती, तिथंच तो गेला. डॉक्टरांनी फी घेतली नाही. आईनं दिलेली कॉफी मात्र उभ्याउभ्या प्यायले.

सोमवारी माझे डोळे पाहून शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी विचारलं, "काय झालं?"

"घरी एक जण गेला," मी म्हटलं.

"कोण?"

कुत्रा म्हणायला तोंड उघडेना. "धाकटा भाऊ," मी बोलून गेले.

संध्याकाळी त्या चौघी केळी घेऊन दारात उभ्या! मी आईला काहीच सांगितलेलं नव्हतं. एकीनं तिचा हात धरून विचारलं, "एवढा तरणा मुलगा, कशानं गेला हो?"

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चटई अंथरली, त्यांना बसवलं आणि पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "पायापासून सुरू झालं. पाय काढला, तरी नाही राहिला. फार सोसलं त्यानं, पण तक्रार नाही केली कधी."

त्या चौघी रडल्या. आईही रडली, इतकी की अण्णा उठून बाहेर गेले. मी आतून पाणी आणलं.