ग्राफिक्स कार्डाला अक्षता

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. चिकलठाण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या बाबांचे पाने, आईचं शिलाई मशीन, विळी, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. माझ्या कॉम्प्युटरला मात्र कधी लागलं नाही. गेमिंगचे सामने खेळून आणि शिकवून मी बऱ्यापैकी कमवायला लागले, तरी आईचं एकच: "हत्यार पोट भरतं. तुझं ते खेळणं हाय." दर वर्षी तबक माझ्या खोलीवरून पुढं जायचं आणि दर वर्षी ते माझ्या जिव्हारी लागायचं. बोलले कधीच नाही. मागून घेतलेल्या कुंकवाला काय अर्थ?

मी चांगली खेळते. हे मीच सांगते, कारण आमच्या गल्लीत दुसरं कोणी सांगणार नाही. गेल्या नवरात्रात मी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, दुकानातलं सगळ्यात दांडगं, तीन पंख्यांचं. जुन्या कार्डावर धुक्यातला शत्रू दिसेपर्यंत मी मेलेली असायचे. नव्यावर गवताची पाती न् पाती दिसत होती. खंडेनवमीच्याच दुपारी एका ऑनलाइन स्पर्धेची फायनल होती, तीन फेऱ्यांची. समोर पुण्याचा खेळाडू होता, म्हणजे हरायचा प्रश्नच नव्हता.

सकाळी मी तयारी करत होते, तर आई तबक घेऊन दारात उभी.

"नवीन आणलंय म्हनं, ते कुठंय?"

"कॉम्प्युटरच्या डब्यात आहे. काचेतून दिसतंय बघ."

"डब्याला लावून काय करू? उघड. जे काम करतंय त्याला लावते."

मला एकदम भरून आलं. कॉम्प्युटर बंद केला, वायरी काढल्या, डबा आडवा करून काच उघडली. आई फुलानं पाणी शिंपडायला निघाली, तेवढं अडवलं. कुंकू कडेच्या पत्र्यावर लावायला सांगितलं. मोठी हुशार मी! अक्षता डोक्यातच आल्या नाहीत, आणि तिनं त्या लग्नात टाकतात तशा टाकल्या. दिसल्या तेवढ्या मी वेचून घेतल्या.

दुपारी सामना सुरू झाला. तापल्याशिवाय या कार्डाचे पंखे फिरत नाहीत. ते फिरायला लागले आणि आतून कर्रकर्र आवाज सुरू झाला. कार्ड तापत गेलं आणि थोड्या वेळानं चित्रच अडखळायला लागलं. मी वळेपर्यंत गोळी लागलेली. पहिली फेरी गेली.

आवाज ऐकून आई धावत आली. "कशानं वरडतंय ते?"

फेऱ्यांच्या मधे थोडी सुट्टी होती. मी कॉम्प्युटर बंद करून काच उघडली आणि तिच्या हातात टॉर्च दिला. मधल्या पंख्याच्या कडेला तांदळाचा एक पिवळा दाणा अडकला होता. आईचा चेहरा पडला.

"म्या टाकलेला व्हय? जाऊ दे बाई. पुढच्या साली नाय हात लावायची."

हरण्याची भीती मला नव्हती. या वाक्याची होती.

"का नाही लावायचा?" मी तडकलेच. "बाबांच्या पान्यांना लावतेस, तुझ्या मशीनला लावतेस. ह्यालाही लावायचा. अक्षता तेवढ्या नकोत. इतकी वर्षं वाट बघितलीय मी ह्याची!"

मी तिच्या शिलाईच्या डब्यातल्या चिमट्यानं दाणा काढला आणि फेकणार, तोच तिनं माझा हात धरला. दाणा घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"चालवणारीला टाकायच्या ऱ्हायल्या होत्या," ती म्हणाली. "बस आता खेळायला."

दाणा केसात तसाच ठेवून मी उरलेल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. आई शेवटपर्यंत खुर्चीमागं उभी होती. टॉर्च बंद करायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.