ताटावर कुणाच्या आईचं नाव?

मंडळी, काठमांडूतून लिहितोय. आम्ही शेवगावकरांनी आज इथल्या अनाथाश्रमात स्टीलची ताटं वाटली. आपल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक ताटावर देणाऱ्याच्या आईवडलांचं नाव. कोरलं मीच, भांड्यांचं दुकानच आहे ना माझं.

इथल्या पोरांनाही आपली अक्षरं वाचता येतात, हे ध्यानातच आलं नाही.

"काका, पार्वतीबाई कौन?" एका चिमुरडीनं विचारलं.

"मेरी माँ."

"मेरी माँ का भी नाम लिखो ना!"

"शेठ, नाव कोरायचं मशीन हाय ना पिशवीत? टाका की!" आमचा भानुदास म्हणाला.

मशीन काढलं. "नाम बोलो, बेटा."

तिनं सांभाळणाऱ्या ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली.

"याद करके बताती हूँ," म्हणत ताट माझ्या हातात देऊन ती आत गेली. आमची बस निघेपर्यंत आली नाही.

ताट आता हॉटेलात माझ्यापुढं आहे. तुम्ही काय कोरलं असतं?