फारो नसलेल्या गावात

मिसरमावशींना कुठूनही उठवणं महाकठीण. लग्नाच्या हॉलमध्ये पंगती उठल्या, मांडववाले खुर्च्या रचायला लागले, तरी मावशी आपल्या खुर्चीत. "चला मावशी, निघूया" म्हटलं की मांडीवरची पर्स आणखी घट्ट धरायच्या. "घाई त्याला, ज्याच्या पाठी फारो राजाचे घोडे लागलेत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गंमत अशी, की ज्यांचा सगळ्यात मोठा सण निघण्याचाच, त्या घरातली ही बाई होती.

गोखिवऱ्याच्या आमच्या चार मजली इमारतीत त्या समोरच्या दारात राहत. बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले मराठी ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मावशींचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण आम्हा पोरांना त्याची कधी गरज पडली नाही. त्यांची प्रत्येक गोष्ट मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, सुरू व्हायची, म्हणून त्या मिसरमावशी.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटून निघाल्याच्या सणाला ती सुटकेची गोष्ट मुलांना सांगायचीच, असा त्यांच्याकडे दंडक. मुलगा, सून, नातू सगळे इस्रायलला गेलेले, मग मावशी आम्हाला धरून बसवायच्या. काळ्या मनुकांचं सरबत आणि बिनखमिराची भाकरी पुढ्यात ठेवून सुरुवात करायच्या, "आम्ही मिसरात गुलाम होतो." पूर्वज गुलाम होते, असं नाही, आम्ही होतो. तुम्ही स्वतः होतात का तिथे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, विटा थापून थापून मनगटं गेली ती कुठली? मोशे सगळ्यांना घेऊन निघतो, मिसरचा राजा फारो घोडे घेऊन पाठी लागतो आणि समुद्र दुभंगून वाट देतो, पण मावशींना त्यापुढचा भाग जास्त आवडे. समुद्र पार केलेले तेच लोक मोशेपाशी कुरकुर करतात, की पाणी नाही, आणि मिसरातले कांदेच बरे होते. टँकर आला नाही की आपली बिल्डिंग दुसरं काय करते, असं त्या विचारायच्या.

माझ्या वडिलांना आपल्या शहाण्णव कुळीचा भारी अभिमान. मावशी त्यांना मुद्दाम छेडायच्या. मी कॉलेजात गेले आणि शहाण्यासारखं मावशींना ऐकवलं, की इतके लोक मिसरातून निघाल्याचा पुरावा विद्वानांना सापडलेला नाही. मावशी सरबत ढवळत राहिल्या.

"राजा काय आपली फजिती दगडावर कोरून ठेवतो?" त्या म्हणाल्या. "आणि समज, नसेल घडलं. मग खोटंच सांगायचं तर आम्ही राजाचे वंशज झालो नसतो? तुझ्या बाबांना विचार, कोणी आपल्या कुळात गुलाम सांगतं का? आम्ही सांगतो. दरवर्षी सांगतो. आपण कोणाच्या पायाखाली होतो हे विसरलेला माणूस लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देतो."

 मला त्या एका वाक्यात इतिहासाच्या तासांपेक्षा जास्त मिळालं, हे मी आजही म्हणते.

त्यांच्या दारावर एक ठसा असायचा. सणाच्या आधी कोकराच्या रक्तात पंजा बुडवून तो कागदावर उमटवायचा आणि कागद चौकटीवर लावायचा. मिसरात मृत्यू घरोघर फिरला, तेव्हा चौकटीवर रक्ताची खूण असलेली घरं तो ओलांडून गेला, त्याची ही आठवण. वर्षानुवर्षं कोणाला त्यात काही वाटलं नाही. मग नवे चेअरमन आले. मुलं घाबरतात, फ्लॅट बघायला आलेली माणसं नाकं मुरडतात, हे काढा, असा निरोप आला. मावशींनी काढला नाही. मग विषय थेट सोसायटीच्या मिटिंगला घेतला. मला त्या मिटिंगचा राग अजून येतो. ज्यांची पोरं मावशींच्या घरी सरबत पिऊन मोठी झाली, ते सगळे पंख्याकडे बघत बसले होते.

मावशी बसूनच बोलल्या. "चेअरमनसाहेब, तुमच्या दारावर सुनेचे कुंकवाचे हात आहेत. बघून बरं वाटतं मला. घरात कोण आलं ते कळतं. माझ्या दारावर माझा हात आहे. घरात कोण राहतं ते कळतं. पुसायचे तर दोन्ही पुसू. बादली मी आणते."

चेअरमन खाकरले आणि टाकी धुण्याचा विषय घेतला. ठसा राहिला.

ही हकिकत मुलाच्या कानावर गेली आणि त्याने फोनवर धोशाच लावला, की आता तरी निघ, तिकडे आपले लोक आहेत, आपला देश आहे. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. मावशी हसल्या.

"अरे, हा फारो नव्हे, चेअरमन आहे. चेअरमनसाठी कोणी समुद्र ओलांडतं का? इतक्या पिढ्यांत आम्हाला इथे फारो भेटला नाही. मग निघू कोणापासून?"

मुलगा न्यायला म्हणून दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मावशींनी त्याला मनसोक्त जेवू घातलं आणि विमानतळावर जायला रिक्षा बोलावून दिली. गेल्या वर्षी छातीचं दुखणं बळावलं तेव्हा तो पुन्हा आला, या वेळी आईचं तिकीट काढूनच. मावशींनी ते हातात घेऊन पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि उशीवर डोकं टेकलं. पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, आपल्याच पलंगावर त्या गेल्या.

ठाण्याच्या दफनभूमीत न्यायच्या आधी मुलाने बॅगेतून एक लहानशी कापडी पिशवी काढली. आमची आई मावशींच्या पायाशी बसली होती. हे काय, असं तिने विचारलं.

"तिकडची माती," तो म्हणाला. "पवित्र देशातली. कबरीत डोक्याखाली ठेवतात. तिकिटाबरोबर हीही आणली होती. आई कशी आहे ते मला ठाऊक होतं."

आईने पदराने डोळे पुसले आणि मावशींकडे बघत म्हणाली, "बघा बाई, तुम्ही काही हलला नाहीत. शेवटी देशालाच यावं लागलं."